रक्तातून गेलेली चिठ्ठी

वाचनपाठ: थोरांच्या गोष्टी (वरची पातळी)

वाचण्यापूर्वी

रविवारची दुपार आहे. टूनगॅबीतल्या तुमच्या घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली. वरणभाताचा वास घरभर पसरला. तुमच्या तोंडाला पाणी सुटलं, पोटात कावळे ओरडायला लागले. मग तुम्ही पोटभर जेवलात आणि खेळायला पळालात.

तुमचं जेवण संपलं, पण पोटाचं काम आता कुठे सुरू झालं! जठरातलं आंबट झालेलं अन्न हळूहळू लहान आतड्यात उतरतं. आणि नेमकं त्याच वेळी शेजारचं स्वादुपिंड आपला पाचकरस आतड्यात सोडतं. स्वादुपिंडाला डोळे नाहीत, कान नाहीत. मग अन्न आलं हे त्याला कळतं कसं? त्याला कोण सांगतं?

हा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांची ही गोष्ट. त्यांचं नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल. पण त्यांनी जगाला दिलेला एक शब्द तुम्ही नक्की ऐकला आहे: हार्मोन. वाचताना एक गोष्ट मनात ठेवा. एखादा निरोप दूर पोचवायचा असेल, तर त्याचे मार्ग किती असू शकतात?

१. मुंबईला गेलेले बाबा

अर्नेस्टचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. घरात सात भावंडं, आणि अर्नेस्ट सगळ्यांत मोठा. वडील मॅथ्यू स्टार्लिंग हे वकील होते. पण त्यांची नोकरी लंडनमध्ये नव्हती. ती होती मुंबईत! फौजदारी खटल्यांचं कामकाज बघणाऱ्या एका सरकारी पदावर ते तिथे होते. त्या पदाला क्लार्क ऑफ द क्राउन म्हणत.

म्हणजे बघा, तुमचे आईबाबा मुंबई-पुण्याहून इकडे आले, आणि अर्नेस्टचे बाबा घर सोडून मुंबईला गेले होते. मुलं लंडनमध्ये आईजवळ राहिली. बाबा काही वर्षांतून एकदा सुट्टीवर घरी यायचे. तेव्हा विमान नव्हतं, व्हिडिओ कॉल तर नव्हताच. आईने, म्हणजे एलन स्टार्लिंग यांनी, सगळा संसार जवळजवळ एकटीने ओढला.

त्या काळी लंडनहून मुंबईला निरोप पाठवायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे तार. १८७० मध्ये समुद्राच्या तळातून टाकलेली तारयंत्राची लाइन मुंबईपर्यंत पोचली होती. तार लवकर पोचायची, पण ती फार महाग होती. दुसरा मार्ग म्हणजे पत्र. पत्र जहाजाने जायचं, त्याला आठवडे लागायचे. पण ज्याच्या नावाचं असेल त्याच्या हातात ते बरोबर पडायचं. हे दोन मार्ग लक्षात ठेवा, बरं का. पुढे आपल्याला त्यांचा उपयोग होणार आहे.

अर्नेस्ट १८८२ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरी शिकायला गेला. तेव्हा तो फक्त सोळा वर्षांचा होता. अभ्यासात हुशार, बोलायला मोकळा, आणि स्वभावाने जरा उतावळा. १८८५ च्या उन्हाळ्यात तो जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी गेला. तिथे विल्हेल्म क्यूने नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. एन्झाइम हा शब्द त्यांनीच दिलेला. रोग्यांना औषध देण्यापेक्षा शरीर चालतं कसं हे शोधण्यात जास्त मजा आहे, असं अर्नेस्टला हळूहळू वाटायला लागलं.

२. मेहुण्यांची जोडी

१८९० च्या सुमाराला स्टार्लिंग यांना एक जोडीदार मिळाला. त्यांचं नाव विल्यम बेलिस. दोघांचे स्वभाव म्हणजे दोन टोकं. स्टार्लिंग यांना सगळं आत्ताच्या आत्ता हवं असायचं. बेलिस शांत, मोजकं बोलणारे, प्रत्येक आकडा दोनदा तपासणारे. एक गाडीचं इंजिन, तर दुसरा ब्रेक! पण गाडीला दोन्ही लागतातच की.

१८९१ मध्ये स्टार्लिंग यांचं फ्लॉरेन्स यांच्याशी लग्न झालं. फ्लॉरेन्स यांचे पहिले पती लेनर्ड वूलरिज हेही गाइज हॉस्पिटलमधलेच संशोधक होते. ते तरुणपणीच वारले होते. फ्लॉरेन्स नवऱ्याच्या कामात मनापासून मदत करायच्या. १८९३ मध्ये बेलिस यांनी स्टार्लिंग यांची बहीण गर्ट्रूड हिच्याशी लग्न केलं. झाले की मित्रांचे मेहुणे!

१८९९ मध्ये स्टार्लिंग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले. त्याच वर्षी या दोघांनी आतड्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट जगाला सांगितली. आतड्यात अन्नाचा गोळा आला, की त्याच्या मागचा भाग आवळला जातो आणि पुढचा भाग सैल पडतो. त्यामुळे गोळा पुढे सरकतो. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबली की पेस्ट पुढे येते, तसंच. म्हणून तर तुम्ही आडवे झोपलात, तरी पोटातलं अन्न बरोबर पुढे जात राहतं.

आता दोघांच्या मनात पुढचा प्रश्न आला: स्वादुपिंडाला निरोप कोण देतं?

३. सगळे म्हणत होते, तारच असणार

त्या वेळी पचनाच्या अभ्यासात सगळ्यांत मोठं नाव होतं इव्हान पावलोव्ह यांचं. ते रशियात, सेंट पीटर्सबर्ग शहरात काम करत. जेवणाआधी घंटा वाजवली, की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, या प्रयोगांसाठी ते आज सगळ्यांना माहीत आहेत.

पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट दिसून आली होती. जठरातलं आम्ल लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आलं, की स्वादुपिंडातून रस वाहायला लागतो. हे कसं घडतं? पावलोव्ह यांचं उत्तर होतं, मज्जातंतूंमुळे. मज्जातंतू म्हणजे शरीरातली तारयंत्राची लाइन. आतडं मज्जातंतूंमधून निरोप पाठवतं, आणि स्वादुपिंड कामाला लागतं. त्या काळी शरीरातले सगळे तातडीचे निरोप मज्जातंतूच नेतात, असंच जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ मानत.

काही संशोधकांनी आतड्याकडे जाणारे मज्जातंतू कापून बघितले होते. तरीही रस आलाच! पण त्यांनाही मज्जातंतूंचं उत्तर सोडवेना. एखादा बारीकसा तंतू नजरेतून सुटला असेल, असं ते म्हणाले. तुमचंही असं कधी होतं का? उत्तर आधीच ठरवलेलं असलं, की समोरचा पुरावाही दिसत नाही.

४. १६ जानेवारी १९०२

हिवाळ्यातली दुपार. लंडनच्या प्रयोगशाळेत स्टार्लिंग आणि बेलिस एका कुत्र्यावर प्रयोग करत होते. कुत्र्याला भूल दिलेली होती. तिथे एक पाहुणेही योगायोगाने हजर होते. त्यांचं नाव चार्ल्स मार्टिन. हे मार्टिन पूर्वी काही वर्षं आपल्या सिडनी विद्यापीठात शिकवत होते. टूनगॅबीहून ट्रेनने रेडफर्नला उतरून चालत जाता येतं, तेच हे विद्यापीठ. ऑस्ट्रेलियातल्या विषारी सापांच्या विषावर त्यांनी इथे मोठं काम केलं, आणि पुढे मुंबईतल्या प्लेगच्या संशोधनातही त्यांचा वाटा होता. त्या दुपारी काय झालं, हे त्यांनी नंतर लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला आज ते कळतं.

आधी दोघांनी आतड्याच्या सुरुवातीच्या भागात थोडं सौम्य आम्ल सोडलं. स्वादुपिंडातून रस आला. हे तर माहीतच होतं.

मग त्यांनी आतड्याचा पुढचा एक तुकडा घेतला. त्याची दोन्ही टोकं बांधली. त्याच्याकडे जाणारे मज्जातंतू शोधून शोधून कापून टाकले. आता त्या तुकड्याचा बाकीच्या शरीराशी एकच संबंध उरला: रक्तवाहिन्या. म्हणजे तारेची लाइन तोडली, फक्त नदी वाहती ठेवली.

त्या तुकड्यात त्यांनी आम्ल सोडलं आणि वाट बघितली.

स्वादुपिंडातून पुन्हा रस आला!

लाइन तुटली होती, तरी निरोप पोचला होता. मग तो गेला कुठून? रक्तातून. दुसरा रस्ताच नव्हता. उतावळ्या स्टार्लिंग यांच्या हे क्षणात लक्षात आलं. हा निरोप रसायनाचा आहे, असं ते तिथल्या तिथे म्हणाले. पण म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. त्यांनी आतड्याचा आणखी एक तुकडा कापून घेतला. त्याचं आतलं अस्तर वाळू आणि सौम्य आम्ल घालून खलात वाटावं तसं घोटलं. ते पाणी गाळलं आणि कुत्र्याच्या मानेतल्या शिरेत टोचलं. काही क्षण गेले. मग स्वादुपिंडातून आधीपेक्षाही कितीतरी जास्त रस वाहू लागला.

याचा अर्थ काय? आम्ल लागलं की आतड्याच्या अस्तरातून एक पदार्थ रक्तात उतरतो. रक्त त्याला सगळ्या शरीरात फिरवतं. हृदयाजवळून तो जातो, मेंदूजवळून जातो, पण तिथे कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. स्वादुपिंडापाशी पोचला, की मात्र ते त्याला ओळखतं आणि कामाला लागतं. जहाजातून सगळ्यांची पत्रं एकत्र जातात, पण आपल्या नावाचं पत्र आपणच उघडतो, तसंच हे! त्या पदार्थाला दोघांनी सिक्रेटिन असं नाव दिलं.

स्वादुपिंडाच्या रसात आम्लाला शांत करणारा क्षार असतो. तो वेळेवर आला नाही, तर जठरातलं आम्ल आतड्याला भाजून काढेल. म्हणून ही चिठ्ठी इतकी महत्त्वाची.

५. मोठ्या माणसाने चूक मान्य केली

ही बातमी सेंट पीटर्सबर्गला पोचली. पावलोव्ह यांना ती पटेना. त्यांनी आपल्या सहकाऱ्याला तोच प्रयोग करायला सांगितला. असं सांगतात, की सगळे जण गोल करून उभे होते. सिक्रेटिन टोचल्यावर स्वादुपिंडातून रस आला. पावलोव्ह काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि त्यांनी कबूल केलं, की लंडनवाल्यांचं बरोबर आहे, सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्याने घेतलेला नाही. १९०४ मध्ये पावलोव्ह यांना पचनावरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. स्टार्लिंग यांना ते कधीच मिळालं नाही.

पण एक लक्षात घ्या. मज्जातंतूंबद्दल पावलोव्ह सगळंच चुकीचं सांगत नव्हते. वरणभाताच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं, ते मज्जातंतूंमुळेच. शरीर तारही करतं आणि पत्रही पाठवतं. दोन्ही खरं आहे.

जून १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये डॉक्टरांसमोर काही व्याख्यानं दिली. रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा पदार्थांना एक सामाईक नाव हवं होतं. केंब्रिजमधल्या एका मित्राकडे हा विषय निघाला होता. तिथल्या ग्रीक भाषेच्या एका जाणकाराने एक क्रियापद सुचवलं. त्याचा अर्थ जागं करणं, चेतवणं. त्यावरून शब्द तयार झाला: हार्मोन. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो. प्रेरणा देणारा, तो प्रेरक. अर्थ किती जवळचा आहे बघा!

६. तपकिरी कुत्रा

आता गोष्टीतला अवघड भाग. तो टाळून पुढे गेलं, तर गोष्ट खरी होणार नाही.

सिक्रेटिनचा शोध कुत्र्यांमुळे लागला, आणि ती कुत्री त्यात मेली. २ फेब्रुवारी १९०३ रोजी युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांसमोर एका लहान तपकिरी कुत्र्यावर प्रयोग दाखवला गेला. याच कुत्र्यावर स्टार्लिंग यांनी डिसेंबरमध्ये स्वादुपिंडाची एक शस्त्रक्रिया केली होती. त्या दिवशी त्यांनी आधी त्याचं पोट उघडून आतली स्थिती तपासली. मग बेलिस यांनी त्याच कुत्र्यावर लाळेचा प्रयोग दाखवला. शेवटी कुत्र्याला मारण्यात आलं.

वर्गात स्वीडनहून आलेल्या दोन तरुणी बसल्या होत्या, लिझी लिंड आफ हागेबी आणि लायसा शार्टाउ. प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांना त्यांचा विरोध होता. कुत्र्याला पुरेशी भूल दिली नव्हती, तो हालचाल करत होता, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं लिखाण वाचून स्टीफन कोलरिज नावाच्या वकिलाने भर सभेत बेलिस यांच्यावर आरोप केला. शांत बेलिस या वेळी गप्प बसले नाहीत. त्यांनी बदनामीचा खटला भरला.

नोव्हेंबर १९०३ मध्ये खटला चालला. भूल नीट दिली होती, असं बेलिस यांनी सांगितलं. ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोलरिज यांना २,००० पाउंड भरपाई आणि शिवाय खटल्याचा खर्च द्यावा लागला.

पण याच खटल्यात स्टार्लिंग यांना साक्ष द्यावी लागली. एकच प्राणी दुसऱ्या प्रयोगासाठी पुन्हा वापरायला त्या वेळच्या कायद्यात बंदी होती. आपण हा नियम मोडला, हे स्टार्लिंग यांनी कोर्टात मान्य केलं. दुसऱ्या कुत्र्याचा जीव वाचावा म्हणून असं केलं, हे त्यांचं कारण होतं. मुंबईत फौजदारी खटले हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचा हा मुलगा. कोर्टात खरं बोलण्याचं मोल त्याला ठाऊक असणारच.

प्रकरण तिथे संपलं नाही. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या तपकिरी कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. चिडलेले वैद्यकीय विद्यार्थी तो तोडायला निघाले. १९०७ मध्ये रस्त्यांवर दंगली झाल्या. शेवटी १९१० मध्ये नगरपालिकेने रात्रीच्या अंधारात, पोलिसांच्या पहाऱ्यात पुतळा हलवला. १९८५ मध्ये बॅटरसी पार्कमध्ये त्याच कुत्र्याचा नवा पुतळा बसवला गेला.

कोण बरोबर होतं? सिक्रेटिनमुळे पुढे हार्मोनचं सगळं शास्त्र उभं राहिलं. मधुमेहावरचं इन्सुलिनही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतूनच मिळालं. त्याने लाखो माणसं जगली. आणि तरीही, त्या तपकिरी कुत्र्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दोन तरुणींनी मांडलेला प्रश्न आजही जिवंत आहे. म्हणून आता असे प्रयोग कुणालाही मनाला येईल तसे करता येत नाहीत. आपल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९८५ पासून यासाठी वेगळा कायदा आहे. प्रयोग खरंच गरजेचा आहे का, हे आधी एका समितीला पटवून द्यावं लागतं.

७. रिकामी पोटं आणि शेवटचा प्रवास

यानंतर स्टार्लिंग हृदयाकडे वळले. हृदय जितकं जास्त भरतं, तितक्या जोराने ते आकुंचन पावतं, हे त्यांनी दाखवलं. डॉक्टर होणारी मुलं आजही स्टार्लिंगचा नियम शिकतात.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. स्टार्लिंग सैन्याच्या वैद्यकीय विभागात गेले आणि विषारी वायूपासून सैनिकांना कसं वाचवायचं यावर काम करू लागले. वरिष्ठांचं चुकलं की ते तोंडावर सांगायचे. त्यामुळे त्यांची भांडणंही खूप झाली. पुढे देशात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा माणसाला रोज किती अन्न लागतं, हे सरकारला सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते जर्मनीला गेले. ज्या देशात ते तरुणपणी शिकले, तिथली माणसं उपासमारीने खंगली होती. जन्मभर भरलेल्या पोटाचा अभ्यास केलेल्या माणसाने तिथे रिकामी पोटं बघितली, आणि त्यावर सरकारला अहवाल दिला.

१९२० मध्ये त्यांच्याच आतड्याला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, आणि ते पुन्हा कामाला लागले. १९२४ मध्ये बेलिस वारले. चौतीस वर्षांची जोडी तुटली. तरी स्टार्लिंग मूत्रपिंडावर नवे प्रयोग करतच होते.

१९२७ च्या वसंतात ते एकटेच समुद्रप्रवासाला निघाले. त्यांचं जहाज वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटाकडे चाललं होतं. २ मे १९२७ रोजी जहाज किंग्स्टन बंदरात शिरत असताना स्टार्लिंग वारले. ते एकसष्ट वर्षांचे होते. त्यांना तिथेच, घरापासून हजारो मैलांवर, पुरण्यात आलं. घरी ही बातमी पोचायला तारच कामी आली असणार.

८. पोट फुगतं तेव्हा

स्टार्लिंग गेले, पण त्यांनी दाखवलेल्या वाटेवर खूप जण चालत राहिले. १९०५ मध्येच जॉन एडकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने जठराचं स्वतःचं हार्मोन सांगितलं होतं. त्याचं नाव गॅस्ट्रिन. पण कितीतरी वर्षं लोकांना ते पटलं नाही. १९६४ मध्ये, एडकिन्स गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, लिव्हरपूलच्या दोन शास्त्रज्ञांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. जेवताना आपलं जठर फुग्यासारखं ताणलं जातं. हा ताण आणि अन्नातली प्रथिनं यांमुळे गॅस्ट्रिन रक्तात उतरतं, आणि जठर आम्ल बनवायला लागतं. आम्ल पुरेसं झालं, की गॅस्ट्रिन थांबतं. म्हणजे पोटाचं ताणलं जाणं हाही एक निरोपच आहे.

पण हा ताण प्रमाणाबाहेर गेला तर? गावाकडे आजोबांना विचारा. गाईने ओला, कोवळा लसूणघास खूप खाल्ला, तर तिच्या पोटात फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही, आणि तिची डावी कूस ढोलासारखी फुगते. फुगलेलं पोट फुप्फुसांना दाबतं. गाईला श्वास घेता येत नाही. तेव्हा डॉक्टरला लगेच बोलवावं लागतं, नाहीतर गाय हातची जाते.

कुत्र्यांचंही तसंच. जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं जठर कधीकधी वायूने फुगतं आणि पिळ्यासारखं फिरतं. मग रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. कुत्र्याचं पोट अचानक फुगलं, आणि ओकारी यायला बघते पण काही पडत नाही, असं दिसलं तर उद्याची वाट बघू नका. रात्र असली तरी प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळा.

आणि आता आपल्या ऑस्ट्रेलियातली सगळ्यांत नवलाची गोष्ट. क्वीन्सलंडच्या डोंगरांतल्या ओढ्यांत एक छोटा बेडूक राहायचा. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. त्याची मादी आपली अंडी चक्क गिळायची! पिल्लं तिच्या जठरात वाढायची. पण जठरात तर आम्ल असतं. मग पिल्लं पचून कशी जात नव्हती? अंड्यांतून आणि पिल्लांकडून एक हार्मोनसारखं रसायन बाहेर यायचं. ते आईच्या जठराला सांगायचं, की आता आम्ल बंद. आई सुमारे सहा आठवडे काहीच खायची नाही. तिचं जठर इतकं मोठं व्हायचं, की फुप्फुसांना जागाच उरायची नाही, आणि ती कातडीतून श्वास घ्यायची. मग एक दिवस ती तोंड उघडायची, आणि चांगली तयार झालेली पिल्लं बाहेर उड्या मारायची.

हा बेडूक जंगलात शेवटचा दिसला १९८१ मध्ये. शास्त्रज्ञांकडे असलेला शेवटचा बेडूक १९८३ मध्ये मेला. पिल्लांची ती चिठ्ठी अजून पुरती वाचूनही झाली नव्हती, तोच लिहिणारेच नाहीसे झाले.

पुढच्या वेळी टूनगॅबी क्रीकजवळ फिरायला गेलात आणि बेडकाचा आवाज आला, तर क्षणभर थांबा. त्याच्या पोटात, तुमच्या पोटात, तुमच्याबरोबर चालणाऱ्या कुत्र्याच्या पोटातही त्याच क्षणी चिठ्ठ्या निघाल्या आहेत. रक्ताच्या नदीतून त्या चालल्या आहेत, आणि ज्याच्या नावाची आहे तो ती उघडणार आहे.

शब्दार्थ

जठर: पोटातली पिशवी, जिथे अन्न आधी साठतं
स्वादुपिंड: जठराच्या मागे असलेला, पाचकरस तयार करणारा अवयव
मज्जातंतू: शरीरात निरोप नेणारे बारीक धागे
भूल देणे: दुखू नये म्हणून औषधाने बेशुद्ध करणे
संप्रेरक: हार्मोन
फौजदारी खटला: गुन्ह्याबद्दलचा खटला
मक्ता: एखाद्या गोष्टीवर एकट्याचाच हक्क
खंगणे: भुकेने किंवा आजाराने बारीक, अशक्त होणे
कूस: शरीराची बाजू, बरगड्यांच्या खालचा भाग
पोटात कावळे ओरडणे: खूप भूक लागणे
हातची जाणे: वाचवता येत असूनही गमावणे

थोडक्यात उत्तरं द्या

१. अर्नेस्टचे वडील कुठे नोकरी करत होते? त्यामुळे घरात काय फरक पडला?
२. १६ जानेवारी १९०२ च्या प्रयोगात मज्जातंतू का कापले? रक्तवाहिन्या का कापल्या नाहीत?
३. सिक्रेटिन सगळ्या शरीरात फिरतं, तरी एकटं स्वादुपिंडच कामाला लागतं. हे पाठात कुठली तुलना करून सांगितलं आहे?
४. बेडकाच्या पिल्लांनी आईच्या जठराला कोणता निरोप दिला?

विचार करा आणि वर्गात बोला

१. तपकिरी कुत्र्याच्या खटल्यात तुम्ही ज्यूरीत असता, तर कुणाच्या बाजूने मत दिलं असतं? दोन कारणं सांगा. नंतर दुसऱ्या बाजूनेही एक कारण सांगा.
२. पावलोव्ह यांनी आपली चूक सगळ्यांसमोर मान्य केली. तुम्ही असं कधी केलं आहे का? तेव्हा कसं वाटलं?

घरी करा

आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्या लहानपणी दूरच्या माणसांना निरोप कसा पाठवत, ते विचारा. त्यांच्याकडे गाय किंवा म्हैस होती का? तिचं पोट फुगलं तर ते काय करायचे? त्यांनी सांगितलेलं आठ-दहा वाक्यांत मराठीत लिहून आणा.